तुम्ही विचारलंत म्हणून: नवख्यांच्या डावाला मी तुम्हाला का बोलवत नाही

"नव्यांना शिकवायला बसतेस तेव्हा आम्हाला का नाही बोलवत?" तुम्हा जुन्या खेळाडूंपैकी प्रत्येकाने हे मला एकदा तरी विचारलंय. कुणी सहज, कुणी दुखावून. दर वेळी मी जागा नाही, डाव छोटा आहे, असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. जागा होती. आज खरं सांगते.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा आपला खेळ, म्हणजे मी प्रसंग सांगायचा आणि प्रत्येकाने आपलं पात्र काय करतं ते ठरवायचं, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो. अडचण तिथेच आहे.

नवख्याला नियम जड जात नाहीत हो. वीस बाजूंचा फासा टाकायचा, शीटवरचा, म्हणजे आपल्या पात्राच्या माहितीच्या कागदावरचा, आकडा त्यात मिळवायचा, बेरीज पुरेशी भरली की जमलं. २०१४च्या प्लेअर्स हँडबुक या नियमपुस्तकाची पानं ३२०, पण पहिल्या संध्याकाळी त्यातलं जेमतेम एवढंच लागतं. जड जातो तो माझा प्रश्न: "तू काय करतेस?" समोर पर्याय मांडून ठेवलेले नसतात. माणूस गप्प होतो, शीटकडे बघतो, छताकडे बघतो. मला ती शांतता हवी असते. तुम्हाला ती बघवत नाही, आणि तुम्ही अगदी चांगल्या मनाने तोंड उघडता.

त्या मुलीची गोष्ट तुमच्यातल्या दोघांना माहीत आहे, कारण ते तिथे होते. नवख्यांसाठीच्या स्टार्टर सेटमधलं साहस, म्हणजे तयार छापलेली गोष्ट, मी चालवत होते. पाच तयार कॅरेक्टरांपैकी तिने ड्वार्फ क्लेरिक, म्हणजे मंत्र येणारा बुटका पुजारी, घेतला. सुरुवात तुम्हाला पाठ आहे: रस्त्यात आडवे पडलेले दोन मेलेले घोडे, अंगात बाण, दोन्ही बाजूंना झाडी. मी विचारलं, "काय करतेस?" ती बराच वेळ बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "घोड्याला हात लावून बघते. अजून गरम आहे का? कुणाचा असेल?"

मी उत्तर द्यायच्या आत आवाज आला, "घोडे सोड, अँबुश आहे. झाडीकडे बघ, परसेप्शन माग." तिने परसेप्शन, म्हणजे आसपास काय दडलंय ते दिसतं का हे ठरवणारा फासा, मागितलं. दबा धरून बसलेले गॉब्लिन राक्षस बाहेर आले. "आता सेक्रेड फ्लेम टाक." तिने ती मंत्राची ज्योत टाकली. "पुढचा नको, मागचा धनुष्यवाला घे. क्युअर वूंड्स राखून ठेव." तो जखमा भरायचा मंत्र. सगळे सल्ले बरोबर होते. लढाई चटकन संपली, आपलं कुणी पडलं नाही, आणि मी खूश होते. दोन-तीनदा मीसुद्धा "हो, तेच कर" म्हटलं. हे मी फार उशिरा स्वतःशी कबूल केलं.

तिने सुरुवातीला शीटच्या कोपऱ्यात पेन्सिलीने त्या घोड्याचं डोकं काढायला घेतलं होतं. एक कान काढून झाला आणि ते तसंच राहिलं. पुढे मी "काय करतेस?" म्हटलं की तिची मान माझ्याकडे नाही, शेजारच्याकडे वळायची. शेवटी तिने फासा त्याच्यापुढे सरकवला. "तुम्हीच टाका ना." आवाजात राग नव्हता. पाहुण्याने ताट परत करावं तसं तिने तो परत केला. पुढच्या वेळी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

ती गेल्यावर मी साहसाच्या पुस्तिकेतलं ते पान पुन्हा उघडलं. घोडे मरून साधारण एक दिवस झालाय, असं तिथे छापलेलं आहे. ते कुणाचे, हे कळलं की पुढची सगळी शोधाशोध सुरू होते. आयुष्यात पहिल्यांदा खेळणाऱ्या मुलीने पहिल्याच वाक्यात नेमकं तेच विचारलं होतं आणि आम्ही तीन जाणकारांनी मिळून तिला तिथून हलवलं.

तुम्ही म्हणाल, आपणही जुन्यांकडूनच शिकलो. खरं आहे. गायगॅक्स आणि आर्नसन या खेळाच्या कर्त्यांच्या १९७४च्या तीन पुस्तिकांनी युद्धखेळांची सवय गृहीतच धरली होती. शेजारी कुणी जाणता असल्याशिवाय त्या उलगडणं कठीण होतं. पण १९८३ची फ्रँक मेंट्झरची, नवख्यांसाठीची लाल पेटी आठवा. तिच्यात एकट्याने वाचत खेळायचं साहस आहे. गुहेत अलीना ही क्लेरिक भेटते, जखमा बऱ्या करते, सगळं समजावून सांगते, आणि थोड्याच वेळात बार्गल हा दुष्ट जादूगार तिला मारतो. कितीतरी वर्षं मला त्याचं फक्त वाईट वाटायचं. आता वाटतं, ती जिवंत राहिली असती तर आपण शेवटपर्यंत तिच्याच तोंडाकडे बघत बसलो असतो.

तेव्हाची मी हे मानायला तयार झाले नसते. पहिली लढाई जिंकली की माणूस परत येतो, म्हणून शेजारी अनुभवी हवाच, असं मी ठासून सांगायचे. त्या तेव्हाच्या मला आजही मी पूर्ण चूक ठरवू शकत नाही. अलीकडे सगळे नवखेच घेऊन बसले होते, तर एका बंद दारासमोर पाऊण तास चर्चा चालली. एक जण घड्याळ बघत राहिला. तोही परत आला नाही. तुमच्यापैकी कुणी असतं तर दार लाथेने उघडलं असतं, आणि तो कदाचित आज खेळत असता.

म्हणून गेल्या महिन्यात मी तुमच्यातल्या एकाला बोलावलं. अट एकच: सल्ला द्यायचा नाही. त्याने ती काटेकोर पाळली. चार तास एक अक्षर सुचवलं नाही, स्वतःच्या पाळीलासुद्धा सगळ्यात शेवटी बोलायचा. तरी प्रत्येक निर्णयाआधी चारही नवखे त्याचा चेहरा वाचत होते. भुवई हलली की बेत बदलायचे. जाताना त्याने मला विचारलं, "माझं कुठे चुकलं?" मी म्हटलं, "कुठेच नाही." त्याला पुढच्या डावाचं आमंत्रण द्यायचं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.