बादलीत पाणी किती मावतं? शंकूछेदाचं घनफळ

दहावीच्या महत्त्वमापनात (क्षेत्रफळ-घनफळाच्या धड्यात) शंकू, गोल, वृत्तचिती (डब्यासारखा सरळ गोल आकार) मुलं निभावून नेतात. अडतात ती शंकूछेदाशी, म्हणजे शंकूचं टोक पायाला समांतर कापल्यावर खाली उरणाऱ्या बादलीसारख्या आकाराशी.

एक बादली घेऊ. तोंडाची त्रिज्या १४ सेमी, तळाची ७ सेमी, उंची २४ सेमी. आधी सूत्र बाजूला ठेवा आणि बादलीच्या बाजू खाली वाढवून टोक पूर्ण करा. तळाची त्रिज्या तोंडाच्या निम्मी आहे, म्हणून समरूप त्रिकोणांनुसार खालचा लहान शंकू २४ सेमी उंच आणि पूर्ण शंकू ४८ सेमी उंच. पूर्ण शंकूचं घनफळ १/३ × २२/७ × १४ × १४ × ४८ = ९८५६ घसेमी (घन सेंटीमीटर), लहानाचं १२३२. वजाबाकी ८६२४ घसेमी, म्हणजे ८.६२४ लीटर.

हीच वजाबाकी अक्षरांत केली की सूत्र मिळतं: पाय (π, इथे २२/७) × उंची ÷ ३ × (दोन्ही त्रिज्यांच्या वर्गांची बेरीज + दोन्ही त्रिज्यांचा गुणाकार). इथे कंसात १९६ + ४९ + ९८ = ३४३. यातला ९८ विसरला, की उत्तर थेट ६१६० वर येतं. शंका आली तर दोन्ही त्रिज्या समान धरून बघा, वृत्तचितीचं सूत्र यायला हवं. एक त्रिज्या शून्य धरली तर शंकूचं.

सगळ्यात फसवी चूक सरासरीची. त्रिज्या १०.५ धरून वृत्तचितीचं सूत्र लावलं तर ८३१६ येतं, ३०८ घसेमी कमी. आडव्या छेदाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने बदलतं, त्यामुळे मधल्या रुंदीच्या वृत्तचितीपेक्षा वरच्या अर्ध्या भागात जेवढं जास्त मावतं, तेवढं खालच्या अर्ध्यात कमी होत नाही. ही तूट नेहमी पाय × उंची × (त्रिज्यांतला फरक)² ÷ १२ इतकी असते. उभट पिंपात ती नगण्य, पसरट घमेल्यात मोठी.

खरी बादली मोजताना टेप आतल्या भिंतीला लावला तर मिळते ती तिरकस उंची, इथे २५ सेमी. ती वक्रपृष्ठफळाला (बाजूच्या वक्र भागाच्या क्षेत्रफळाला) लागते, घनफळाला नाही. लंब उंचीसाठी २५² मधून त्रिज्यांच्या फरकाचा वर्ग वजा करा: ६२५ − ४९ = ५७६, वर्गमूळ २४. पूर्ण १४ चा वर्ग वजा करण्याची चूक फार होते. आणि तोंडाचा व्यास आतून घ्या, बाहेर वळवलेला काठ सोडून.