‘तीन’ म्हणण्याआधी थांबणे

गुरुवार, रात्री

बोलायला उशीर होत असलेल्या मुलांच्या पालकांना मी पहिल्याच भेटीत विनंती करते की, ‘हे काय आहे सांग’, ‘काऊ म्हण’, ‘मामा म्हण’ ही परीक्षा काही दिवस पूर्ण बंद ठेवा आणि त्याऐवजी रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत एखाददुसरा छोटा खेळ खेळा. हे ऐकून त्यांचा चेहरा उतरतो. कामाचा खाडा करून, दोन एसट्या बदलून आलेल्या माणसाला ‘खेळा’ हे उत्तर अपुरे वाटणारच. (मुलाच्या ऐकण्याची तपासणी मात्र त्याआधी झालेली असावी, याबाबत मी आग्रही असते.)

बुवा कुक हा खेळ पाहावा. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९७०च्या दशकात याच खेळाचा बारकाईने अभ्यास केला होता. आधी नजरानजर, मग तोंड लपवणे, मग पुन्हा दिसणे आणि पुन्हा नजरानजर, हा क्रम ठरलेला असल्यामुळे पुढे काय होणार हे मुलाला कळू लागते, आणि जे कळते त्यात आपला वाटा उचलणे त्याला सोपे जाते. ज्या मुलाला भाषेचा ओघ पकडता येत नाही, त्याच्यासाठी हा ठरलेपणा मोठा आधार असतो.

परंतु नुसत्या पुनरावृत्तीने संवाद होत नाही. खेळ पुरता अंगवळणी पडल्यावर मोठ्यांनी ऐन रंगात थांबायचे असते. आज अडीच वर्षांच्या एका मुलाला चादरीच्या झोळीत घेऊन त्याची आई आणि मी झोके देत होतो. ‘एक, दोन’ म्हणून आम्ही थांबलो. त्याने चादरीची कड मुठीत घट्ट धरली, आधी माझ्या हाताकडे पाहिले, मग आईच्या तोंडाकडे. आईच्या ओठांवर ‘तीन म्हण’ आलेच होते. मी मानेनेच नको म्हटले. त्याने हनुवटी वर केली, पाय ताणले आणि ‘ई’ असा आवाज काढला. त्याच क्षणी आम्ही ‘तीन’ म्हणून झोका दिला. ‘नीट म्हण’ असे कुणी म्हटले असते, तर त्याने केलेली मागणी वाया गेली असती. त्याचे पाहणे, पाय ताणणे आणि तो आवाज हे सारे मिळून त्याचे बोलणेच होते, असे मी मानते.

हे काम पालक उत्तम करू शकतात, या विश्वासाला आधार आहे. गोव्यात आणि रावळपिंडीत स्वमग्नता असलेल्या २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त छापून आलेल्या चाचणीत, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मार्गदर्शन केले होते. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले स्वतःहून संवाद अधिक सुरू करू लागली. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत लक्ष घालण्याचा वेळ मात्र घटला, म्हणून या पद्धतीकडून सगळ्याच गोष्टींची अपेक्षा मी पालकांना दाखवत नाही.

घरी झोळीचे दुसरे टोक धरायला कुणी नसते, असे आई निघताना म्हणाली. वडील पाळीत काम करतात. त्यामुळे एकटीला जमेल असा खेळ आम्ही ठरवला: आंघोळीनंतर डोक्यावर टॉवेल, ‘कुठे गेलं बाळ?’ हा एकच प्रश्न, आणि टॉवेल काढण्याआधी मनात पाचपर्यंत मोजत थांबणे. पुढच्या भेटीला सासूबाईंनाही सोबत आणायला सांगितले आहे, कारण दिवसभर तो त्यांच्याजवळ असतो आणि त्याने मागायच्या आधीच त्या मायेने सगळे त्याच्या हातात देतात.