चिमणी छान ओढते

मुलुंडच्या एका काकू घरून केक विकतात. गॅसवरचा मोठा ओव्हन, वर नवी चिमणी. "दादा, ही नुसती आवाज करते हो, ओढत काहीच नाही." असे फोन आठवड्याला तीन-चार येतात. जाळीत तेल तरी तुंबलेलं असतं, नाहीतर बाहेरच्या तोंडाशी कबुतराचं घरटं.

इथे दोन्ही नव्हतं. पीओपी फोडायला लावलं, तर चिमणीचं तोंड 6 इंची आणि पुढे पाइप 4 इंची. भिंतीतलं भोकच तेवढं पाडलेलं. 28 चौरस इंचांची वाट साडेबारावर आणलेली! त्यात तीन काटकोन, आणि चुण्यांचा फॉइल पाइप न ताणता सोडलेला. लोंबलेल्या पोटात तेल. इंटिरियरवाल्याच्या ड्रॉइंगमध्ये सीलिंगच्या दिव्यांची मापं इंचात, पाइपाला एक तुटक रेघ.

मी सगळं काढलं. 6 इंची कडक पत्र्याचा पाइप, दोनच बेंड, तेही मोठ्या गोलाईचे. बाहेरच्या बाजूला किंचित उतार, म्हणजे तेल परत चिमणीत येत नाही. बीमला हात लावायचा नव्हता, म्हणून खिडकीची वरची काच काढून अ‍ॅल्युमिनियम शीट बसवली, त्यातून पाइप. तोंडाला झडप. काम देखणं झालं होतं, खोटं कशाला बोलू.

चालू केली. खिडक्या बंद, एसी चालू; आयसिंग वितळतं म्हणून काकूंकडे कायम तसंच. आणि बाथरूमचं दार आपोआप हललं.

चिमणीच्या खोक्यावर 1200 लिहिलेलं असतं, म्हणजे तासाला 1200 घनमीटर. पाइप जोडल्यावर तेवढं कुणी ओढत नाही, पण निम्मं धरलं तरी काकूंचं 15 घनमीटरचं स्वयंपाकघर दीड मिनिटात रिकामं. तेवढी हवा आत यायला हवी ना कुठून तरी!

बाथरूममध्ये गॅस गिझर होता. पेटवला, आणि देवघरातली अगरबत्ती मागून घेतली आणि गिझरच्या वरच्या कडेशी धरली. धूर वर न जाता माझ्या तोंडावर आला. गिझरचा जळका वायू बाहेर जायच्याऐवजी घरात येत होता. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आधीची तुंबलेली चिमणी हे करूच शकत नव्हती. ते मी करून ठेवलं होतं.

चिमणीची वायर काढून ठेवली. स्वयंपाकघराच्या खिडकीत कायम उघडं राहील असं लूव्हर, म्हणजे हवा येणारी तिरप्या पट्ट्यांची चौकट, बसवू, गिझर विजेचा घ्या, मग जोडतो म्हणालो. काकू नाराज. शनिवारी दोन केकची ऑर्डर होती.

रात्री डायरी काढली. दोन वर्षांतली गिऱ्हाइकं, पाइपाची लांबी, बेंड किती, सगळं लिहिलंय. गिझर कुठला, हे एकाही पानावर नाही. आता एकेकाला फोन करतोय. सगळे एकच सांगतात, चिमणी छान ओढते.