उसने घारे

परवा दुपारी भांडी विसळता विसळता आरशाखालची एक डबी चिकट दिसली, म्हणून तीही नळाखाली धरायला गेले. भाची आतल्या खोलीतून किंचाळलीच, "थांब गे मावशी! पाणी नको!" डबी दोन खणांची, कुंकवाच्या करंड्याहून लहान. आत तिचे येत्या रविवारच्या साखरपुड्याचे डोळे भिजत पडले होते. घारे.

रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स. नंबर नाही पोरीला, नुसत्या रंगाची हौस. तरी डॉक्टरांकडे जाऊन, बुबुळाचा बाक मशिनीवर मोजून घेऊन आणलेत. मैत्रीण स्वतःची जोडी द्यायला निघाली होती, एका दिवसाचा तर प्रश्न म्हणून. आमच्या बेळगावच्या शहापुरात साडी उसनी मिळते, मोहनमाळ मिळते, पण लेन्स उसनी घ्यायची नसते म्हणे. एकाच्या डोळ्यातले जंतू दुसऱ्याच्या डोळ्यात. डॉक्टरांनी निघताना बजावलं, "नीर हाकब्याड्री. पाणी लावायचं नाही." सीमाभागात महत्त्वाची गोष्ट दोनदा सांगतात.

आणि मी तर पाण्यातली माणूस. खडेबाजारातून धूळ खाऊन आलं की आधी डोळ्यांवर सपासप पाणी, मग चहा. लहानपणी मळणीच्या दिवसांत डोळ्यात कुसळ गेलं की आत्या ओंजळीत पाणी घ्यायची आणि म्हणायची, "बुडव डोळा, उघड, मीट, उघड." तांब्याच्या घंगाळातलं ते गार पाणी डोळ्याला लागलं की रडू आपोआप थांबायचं. राकसकोप धरणाच्या पाण्याचा आम्हाला कोण अभिमान! त्याच पाण्यात, म्हणजे नळाच्या, टाकीच्या, विहिरीच्या कुठल्याही पाण्यात, अकांथामिबा नावाचा जीव असू शकतो. तो लेन्सखाली अडकला तर बुबुळावरचा पडदाच पोखरतो, आणि मग महिनोन् महिने औषधं. आंघोळीला, पोहायला जातानाही लेन्स काढायची ती याचसाठी.

भाचीचं सोवळं बघत बसले. साबणानं हात धुतले, ते अगदी कोरडे होईस्तोवर पुसले, तेही ज्याचे धागे सुटत नाहीत अशा पंचानं. लेन्स तळहातावर ठेवून सोल्युशनचे थेंब टाकून बोटानं हलकेच चोळली. डबीतलं कालचं सोल्युशन ओतून दिलं. मी म्हटलं, "अर्धं तर आहे अजून, वरून थोडं घाल की." तिनं असं बघितलं जसं मी शिळं दूध ताज्यात मिसळायला सांगितलंय. डबी सोल्युशननंच धुवायची, पालथी घालून वाळवायची, तीन महिन्यांनी टाकून द्यायची. आधी लेन्स, मग काजळ. रात्री काढताना आधी लेन्स, मग तोंड धुणं. झोपताना डोळ्यात ठेवायची नाही, कारण बुबुळावरच्या त्या पडद्याला रक्तवाहिन्याच नाहीत, तो थेट हवेतनं प्राणवायू घेतो. आमच्या आजीचं सोवळं याच्यापुढं काहीच नाही. तिला निदान पाण्यानं सगळं चालायचं.

एक गंमत वाचली होती. 1961 साली प्रागमध्ये ओटो विख्तर्ले नावाच्या शास्त्रज्ञानं ह्या मऊ लेन्स घरी तयार केल्या, मुलांच्या जोडणीच्या खेळण्यातून यंत्र बनवून, सायकलचा डायनॅमो लावून. आमच्याकडे सायकलचा डायनॅमो नुसता घरघरला.

"पण घारेच का गे?" मी विचारलं.

"आत्याआजीसारखे."

मी गप्प झाले. आत्या घारी होती. तिला बघायला आलेली तीन स्थळं चहा-पोहे खाऊन गेली, आणि मागाहून निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण घाऱ्या डोळ्याच्या माणसाचा भरवसा नसतो. चौथ्या वेळी आजीनं तिला सांगितलं, मान वर करू नकोस. तिनं केली नाही. लग्न जमलं. पुढंही कुणाशी बोलताना ती जमिनीकडंच बघायची. डोळा बुडव म्हणताना तेवढी माझ्याकडं सरळ बघायची.

भाचीला रंग ताडून बघायचा होता. ट्रंकेतून आत्याचा फोटो काढून दिला. ती खिडकीशी नेऊन बराच वेळ बघत राहिली.

फोटो काळा-पांढरा. आणि मान खाली.