रात्रीचा एक थेंब

आज जळगावला चिऊच्या डोळ्यांची तपासणी होती. वय नऊ. मागच्या वर्षी नंबर उणे दीड होता, आज उणे सव्वादोन निघाला. ऐकून पोटात गोळाच आला.

डॉक्टरांनी ॲट्रोपिनचे थेंब लिहून दिले, ०.०१ टक्का. रोज झोपताना दोन्ही डोळ्यांत एकेक. मी आधी हेच विचारलं, "नंबर उतरेल ना?" ते म्हणाले, "उतरणार नाही ताई, वाढायचा वेग कमी होईल." वाढत्या वयात डोळाच मागे लांबत जातो, म्हणून नंबर वाढतो; ते लांबणं हे औषध मंदावतं. चष्मा मात्र सुटत नाही. सिंगापूरला ४०० मुलांवर झालेला अभ्यास २०१२ मध्ये छापून आला, तेव्हापासून हा कमी डोस जास्त चर्चेत आला. पुढे हाँगकाँगच्या अभ्यासात ०.०५ टक्क्याचा गुण जास्त दिसला. पण डोस जसा चढेल तशी बाहुली मोठी राहते, उन्हात डोळे दिपतात. आणि आपलं खान्देशचं ऊन! म्हणून कमीपासून सुरुवात, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. मला हे पटलं.

रात्री आजीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी खालची पापणी हलकेच ओढून थेंब सोडला, मग नाकाजवळचा कोपरा मिनिटभर बोटानं दाबून धरला, म्हणजे औषध नाकाघशात उतरत नाही. चिऊनं माझा पदर घट्ट धरला होता. "झालं?" एवढंच विचारलं तिनं.

रोज दोन तास उघड्यावर खेळू द्या, असंही डॉक्टरांनी बजावलंय. उद्या सकाळी सातला ती आजोबांबरोबर केळीच्या बागेत जाणार आहे.