तुम्ही विचारलंत म्हणून: कॉलेजवाला एल्फिन्स्टन की स्टेशनवाला?

बाहेरगावचं कुणी आलं की त्याला फोर्टात पायी फिरवून आणायचं काम आमच्या घरात माझ्याकडे असतं. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेज दिसलं की प्रश्न ठरलेला. "हा एल्फिन्स्टन रोड स्टेशनवालाच ना?" इतकी वर्षं मी "हो, त्यांच्यातलाच" म्हणून वेळ मारून नेली. परवा भाचीने तोच प्रश्न विचारला आणि म्हणाली, "मामा, नीट सांग ना." तर नीट सांगतो. तो नव्हे. कॉलेजवाला काका आणि स्टेशनवाला पुतण्या.

काका-पुतणे म्हटल्यावर आपले कान लगेच टवकारतात. पण इथे 'काका मला वाचवा'सारखं काही घडलं नाही.

काका तुम्हाला ठाऊक आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, खडकीच्या लढाईच्या वेळी पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील, पुढे १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. तो निघाला तेव्हा मुंबईकरांनी वर्गणी काढली आणि त्या पैशांतून पुढे कॉलेज उभं राहिलं. हा घरातला चौथा मुलगा, त्यामुळे किताब त्याच्या वाट्याला कधी आलाच नाही. पुष्कळ ठिकाणी 'लॉर्ड माउंटस्टुअर्ट' असं छापलेलं दिसतं, ते चूक. लॉर्ड होता तो पुतण्या जॉन.

स्कॉटलंडच्या या जुन्या सरदार घराण्यात जॉन १८०७ साली जन्मला. वडील फौजेत लेफ्टनंट जनरल. ते १८१३ मध्ये वारले आणि सहा वर्षं पुरी व्हायच्या आत पोरगं तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन झालं. एकोणिसाव्या वर्षी तो रॉयल हॉर्स गार्ड्समध्ये शिरला. राजाच्या खास तैनातीतलं हे घोडदळ, म्हणजे आपल्याकडची हुजुरात म्हणा ना. १८३२ मध्ये कॅप्टन, आणि १८३५ पासून राजा चौथा विल्यम याच्या दरबारात 'लॉर्ड इन वेटिंग'. आपल्या भाषेत मानकरी. राजाच्या मागेपुढे असायचं, आल्यागेल्याचं आगतस्वागत बघायचं, समारंभात उभं राहायचं. तरुण, सरदार, बिनलग्नाचा, आणि उठणं-बसणं राजवाड्यात.

मग व्हायचं ते झालं. लंडनमध्ये कुजबूज सुरू झाली की राजाची पुतणी व्हिक्टोरिया या मानकऱ्यावर भाळली आहे. १८३७ मध्ये पंतप्रधान मेलबर्नने त्याला मद्रासचा गव्हर्नर नेमलं, आणि लोकांनी लगेच दोनात दोन मिळवले: बघा, दूर पाठवला! ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण 'राणीचा प्रियकर' वगैरे रंगवून सांगतात. पण मार्चमध्ये त्याने मद्रासचा कारभार हाती घेतला तेव्हा ती राणी झालेलीच नव्हती; विल्यम वारला जूनमध्ये. अफवा होती एवढं खरं. तिच्या मुळाशी काही होतं की नव्हतं, यावर मी पैज लावणार नाही.

मद्रासची पाच वर्षं फारशी गाजली नाहीत. निलगिरीत केटीला त्याने घर बांधलं, मुदत संपल्यावर काश्मीर हिंडून आला आणि १८४५ मध्ये विलायतेला परतला. मला गंमत वाटते ती पुढची. १८४७ मध्ये तो पुन्हा दरबारात मानकरी झाला, या वेळी खुद्द व्हिक्टोरियाच्या. तोवर तिच्या पदरात पाच मुलं होती. हा मात्र शेवटपर्यंत बिनलग्नाचा.

१८५३ च्या अखेरीस तो मुंबईचा गव्हर्नर म्हणून आला. माथेरानवर त्याने बंगल्यासाठी जागा निवडली. तिथला एल्फिन्स्टन लॉज तो हाच. मुंबई विद्यापीठाचा पहिला कुलपतीही तोच. विद्यापीठ स्थापन झालं १८ जुलै १८५७ ला. वर्षाकडे लक्ष गेलं ना?

मेमध्ये मेरठला भडका उडाला होता. इराणच्या मोहिमेवरून परतणारी गोरी फौज मुंबईच्या वाटेवर होती. घाबरलेला गव्हर्नर ती आपल्याच दाराशी बसवून घेता. याने ती कलकत्त्याला रवाना केली आणि स्वतःचा इलाखा मोकळा ठेवला. इंग्रजांनी त्याला डोक्यावर घेतलं ते यासाठी. आपल्या बाजूने पाहिलं तर हिशेब वेगळा लागतो. जुलैच्या अखेरीस कोल्हापूरची पलटण उठली, ती मोडून काढली. साताऱ्यात रंगो बापूजींचा कट फुटला. इंग्रजांनी गादीवरून उतरवलेल्या छत्रपती प्रतापसिंहांची बाजू मांडायला हे रंगो बापूजी लंडनमध्ये चौदा वर्षं खेटे घालून आले होते. ८ सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना मारलं: काही फासावर, काही गोळीने, काही तोफेच्या तोंडी. त्यात रंगो बापूजींचा मुलगाही होता. हे सगळं लॉर्डसाहेबाच्या अमलात झालं. त्याला सौम्य, मनमिळाऊ म्हणणाऱ्यांनी ही तारीखही लिहायला हवी.

मुंबईतही दिवाळीत उठाव करायचा बेत होता. पोलीसप्रमुख फोर्जेट, ताडदेवच्या फोर्जेट स्ट्रीटवाला, वेश पालटून फिरायचा. सोनापूरजवळच्या एका घरात शिपाई जमत. त्या घराच्या भिंतीला भोकं पाडून त्याने बैठक ऐकली. १५ ऑक्टोबरला सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोघांना आजच्या आझाद मैदानाच्या बाजूला तोफेच्या तोंडी दिलं. त्या दिवसांत संशय थेट नाना शंकरशेटांपर्यंत गेला होता. हाती काही लागलं नाही, नाना सुटले.

१८५९ मध्ये लॉर्डसाहेबाला इंग्लंडचाही सरदारकीचा किताब मिळाला. पुढच्याच वर्षी आजारी होऊन तो परतला आणि जुलैत लंडनमध्ये वारला, वय त्रेपन्न. मूलबाळ नाही, त्यामुळे नवा किताब त्याच्याबरोबरच संपला. स्कॉटलंडचा जुना चुलतभावाकडे गेला.

मुंबईत मागे राहिलं ते नाव. टाउन हॉलसमोरचा गोल बगीचा एल्फिन्स्टन सर्कल होता, स्वातंत्र्यानंतर तो हॉर्निमन सर्कल झाला. हे हॉर्निमन म्हणजे सरकारनेच १९१९ मध्ये देशाबाहेर घालवलेले संपादक. स्टेशनचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. आमच्या आईच्या तोंडी मात्र अजून 'एल्फिस्टन'च आहे, 'न' गाळून.

भाचीला मी शेवटी टाउन हॉलच्या पायऱ्या चढवून आत नेलं. तिथे काका आहे, पुतण्याही आहे, दोघेही संगमरवरी. तिने दोघांचे फोटो काढले. मग खुर्चीत बसलेल्या, पगडीवाल्या एका पुतळ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "हे कोण?"

नाना शंकरशेट.