तुम्ही विचारलंत म्हणून: ‘बाकी तिकडे सेफ आहे ना?’

जानेवारी आणि जून संपत आले की माझा फोन वाजायला लागतो. सांगली, मिरज, पुणे, एकदा तर बेळगाव. कुणाचा भाचा, कुणाची मुलगी, कुणाच्या साडूचा थोरला. ॲडमिशन झालेली असते, लोन मंजूर झालेलं असतं, तिकीटही काढलेलं असतं. मग सगळ्यात शेवटी, आवाज जरा खाली आणून: “बाकी तिकडे सेफ आहे ना?”

“आहे की,” मी म्हणतो. मेलबर्नला येऊन सतरा वर्षं झाली, त्यातली निदान पंधरा मी हेच म्हणत आलोय. तुम्हाला तेच ऐकायचं असतं आणि मला फोन ठेवायचा असतो. या जूनमध्ये मात्र एका काकूंनी पुढचा प्रश्न विचारला. “तुला स्वतःला कधी काही झालं नाही ना रे?” मी “नाही, नाही” म्हणालो आणि जीभ सवयीनं वरच्या पुढच्या दातावर गेली. तो दात माझा नाही.

तर काकू, तुम्ही विचारलंत म्हणून.

२००९ साली इथे भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले होत होते, ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या टीव्हीवर ते माझ्यापेक्षा जास्त दिसलं. मी सांगतोय ते त्याच्या दोन-तीन महिने आधीचं, मार्चमधलं. मी सेंट ऑल्बन्स या मेलबर्नच्या उपनगरात राहायचो, तीन खोल्यांच्या घरात सहा जण. दिवसा अकाउंटिंगचं मास्टर्स आणि रात्री सिटीतल्या एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये काम. पोलिसांकडून तेव्हा सल्ला आला होता की लोकल गाडीत आपल्या भाषेत मोठ्यानं बोलू नका, लॅपटॉप-आयपॉड लोकांना दिसू देऊ नका. मी तो पाळायचो. गाडीत तोंड मिटून बसायचो आणि सेंट ऑल्बन्सला उतरलो की कॉलिंग कार्डाचा नंबर फिरवून घरी फोन लावायचो. आमच्याकडचे पावणेबारा म्हणजे सांगलीत सव्वासहा. आई दिवा लावत असायची.

त्या गुरुवारी आई गॅसबद्दल सांगत होती. नंबर लावून बारा दिवस झाले, अजून आला नाही. कार्डावरच्या फोनमध्ये आवाज मागून यायचा, म्हणून आम्ही दोघंही ओरडूनच बोलायचो. मी रुळांच्या कडेच्या रस्त्यानं चाललो होतो. समोरून तीन पोरं आली. सगळ्यात लहान असेल चौदा-पंधराचा, मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं. त्यानंच विचारलं, वाजले किती. मी फोन कानाला धरूनच दुसऱ्या हातातलं घड्याळ बघायला मान खाली घातली.

आईचा शेवटचा शब्द ऐकू आला तो “सिलिंडर”.

पहिला ठोसा तोंडावर बसला. मी पडलो तेव्हाच फाटकाची घंटा सुरू झाली. तेव्हा तिथे लेव्हल क्रॉसिंग होतं, आता रूळ खाली गेलेत. मी पोटाशी पाय घेऊन, डोकं हातांत धरून पडलो होतो आणि मनात फक्त ती घंटा मोजत होतो. बरगड्यांत दोन लाथा, पाठीत एक. फोन गेला, पाकीट गेलं. बॅगेत रेस्टॉरंटमधून आणलेला डबा होता, उरलेली दाल मखनी. एकानं तो उघडला, वास घेतला, “करी” असं काहीतरी म्हणाला आणि सगळे हसले. मग तो डबा त्यांनी माझ्यावर उपडा केला. डाळ कोमट होती. गाडी धडधडत गेली, तिच्या खिडक्यांचा उजेड माझ्या अंगावरून सरकत गेला. फाटक वर झालं तेव्हा पोरं नव्हती. म्हणजे एक फाटक पडून उघडेपर्यंत, एवढाच वेळ. मी शर्टाला हात लावून बघितलं तर अंधारात डाळ कुठली आणि रक्त कुठलं ते कळेना. दाताचा तुकडा मात्र जिभेवर होता. तो मी थुंकला नाही, खिशात ठेवला. का, विचारू नका.

समोरच्या घरातून एक म्हातारा व्हिएतनामी माणूस स्लिपर ओढत आला. हातात फोन. “पोलीस? ॲम्ब्युलन्स?” त्यानं ट्रिपल झीरोतला, म्हणजे इथल्या इमर्जन्सी नंबरातला पहिला शून्य दाबलाही असेल, आणि मी त्याचं मनगट धरलं. “नो पोलीस. प्लीज. नो पोलीस.”

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. मार खाल्लेला मी आणि पोलिसांना भ्यायलेलाही मीच. मग त्यानं फोन खिशात टाकला, आत जाऊन ओला टॉवेल आणला आणि फुटपाथच्या कडेवर माझ्याशेजारी बसून राहिला. काही बोलला नाही. तोही कधीकाळी कागदांना घाबरून राहिला असेल असं मला आता वाटतं. त्या रात्री एवढंच वाटलं, की बरा माणूस आहे, वाद घालत नाही.

काकू, इथपर्यंत तुम्ही हळहळला असाल. पुढचं ऐका.

आम्हाला व्हिसावर कोर्स चालू असताना आठवड्याला वीस तास कामाची परवानगी होती. मी त्या आठवड्यात सत्तावीस तास केले होते, आधीच्या आठवड्यात एकतीस. तेव्हा कायद्यानं किमान मजुरी होती तासाला चौदा डॉलर एकतीस सेंट. मला मिळायचे आठ, रोख, पाकिटात. मालक आपलाच, बोलायला साखर. “अरे, तुझ्या वीस तासांची काळजी मला जास्त आहे,” असं तो म्हणायचा, आणि ती धमकी आहे हे मला वर्षभर कळलं नाही. डॉलर तेव्हा तेहतीस रुपयांच्या आसपास होता. आठ गुणिले तेहतीस हा हिशेब मी इतक्यांदा केलाय की झोपेत विचारलात तरी दोनशे चौसष्ट म्हणेन. सांगलीतलं विश्रामबागेतलं घर बारा लाखांना बँकेकडे अडकलं होतं.

आता डोक्यातलं गणित बघा. पोलिसात गेलो तर ते विचारणार, इतक्या रात्री कुठून येत होतास? कामावरून. कुठलं काम, किती तास? आणि मग व्हिसा, आणि मग घर. पोलीस, इमिग्रेशन, युनिव्हर्सिटी, बँक हे सगळे माझ्या लेखी एकाच टेबलाभोवती बसलेले होते. दातापेक्षा व्हिसा महत्त्वाचा. मी घरी गेलो, रूममेटच्या फोनवरून आईला सांगितलं की बॅटरी संपली, आणि हळदीचं पाणी लावून झोपलो. शुक्रवारी बरगड्यांना क्रेप बँडेज बांधून कामावर गेलो. मालक म्हणाला, आज पुढे टेबलांवर येऊ नकोस, किचनमध्ये थांब, कस्टमर बघतील.

खरं तर पोलिसांनी तास विचारलेच नसते. त्यांना त्या पोरांशी मतलब. हे मला पुढे चार वर्षांनी, भलत्याच निमित्तानं कळलं. पण ‘विचारलेच नसते’ हे आजच्या खुर्चीत बसून म्हणायला सोपं आहे.

मेमध्ये ते प्रकरण पेटलं. एका भारतीय विद्यार्थ्यावर स्क्रूड्रायव्हरनं हल्ला झाला, आणि ३१ मेच्या रविवारी हजारो मुलं मोर्चानं येऊन फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोरच्या चौकात बसली. मी तिथे होतो. बसायला नव्हे, शिफ्टला निघालो होतो आणि ट्रॅम अडकली होती. हूड डोक्यावर ओढून गर्दीतून वाट काढत होतो तर एकानं पाण्याची बाटली पुढे केली. “भाई, बैठ जा.” मी म्हणालो, “ड्यूटी है.” अर्धा तुटलेला दात घेऊन म्हणालो.

त्याच रात्री बाबांचा फोन. अमिताभनंसुद्धा ऑस्ट्रेलियाची डॉक्टरेट नाकारली म्हणे, तू परत येतोस का? आणि मी काय म्हणालो ते शब्दशः आठवतं. “बाबा, चॅनलवाल्यांचा कांगावा आहे. ती पंजाबी पोरं स्वतःच भांडणं ओढवून घेतात. आपण त्यातले नाही.”

आपण त्यातले नाही. त्या तीन पोरांनी मला ‘तू पंजाबी की मराठी’ असं विचारलं होतं का? पण आपल्या मंडळींत, गणपतीच्या पंगतीत, तेव्हा सगळे हेच बोलायचे. ते कुकरी आणि हेअरड्रेसिंगच्या कोर्सवाले, आपण मास्टर्सवाले. ते जोरात बोलतात, आपण हळू. त्यांना मार बसतो, आपल्याला नाही. माझ्यासारखे तोंड दाबून बसलेले त्या पंगतीत किती होते कोण जाणे. कुणी बोललं नाही, मीही नाही. मराठी माणसाचा सभ्यपणा म्हणतात तो हाच असेल तर मला त्यातलं काही कौतुक उरलेलं नाही.

पण त्या चोवीस वर्षांच्या पोराला मी फार बोलू शकत नाही. तो समोर आला तर म्हणेल, “तुझं काय जातंय? तुझ्याकडे आता इथला पासपोर्ट आहे. माझ्याकडे बारा लाखांचं कर्ज आहे. मी बाबांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी घर विकून मला परत बोलावलं असतं. मग तुझं हे पॉइंट कुकचं घर कुठून आलं असतं?” यावर माझ्याकडे उत्तर नाही. तो गप्प बसला म्हणून मी इथे आहे. आणि तो गप्प बसला म्हणून ती तीन पोरं दुसऱ्या रात्री आणखी कुणासाठी तरी त्याच फाटकाजवळ उभी राहिली असतील. दोन्ही खरं आहे आणि दोन्हीची गाठ मला घालता येत नाही.

दाताचं सांगायचं राहिलं. विद्यार्थ्यांच्या विम्यात दात बसत नाहीत. २०१० च्या डिसेंबरात सांगलीत कॅप बसवली, डॉक्टरांना आणि घरी सांगितलं, क्रिकेट खेळताना बॉल लागला. आईला खरं सांगितलं २०१७ मध्ये. मी बरीच तयारी करून बसलो होतो. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “म्हणजे तो सिलिंडरचा दिवस.” मग म्हणाली, “डबा स्टीलचा होता का?”

तर ‘सेफ आहे ना’ला माझं उत्तर. स्टेशनं बदललीत. २०१२ पासून स्टेशनांवर संध्याकाळनंतर शस्त्रधारी रक्षक नेमायला सुरुवात झाली. शुक्रवारी आणि शनिवारी गाड्या रात्रभर धावतात. मी आता रात्री बारालाही त्या लाइननं जातो. माझी उंची, माझं वय आणि मी पुरुष आहे, हे सगळं त्यात आलं. तुमच्या मुलीला काय वाटेल ते मी तिच्या वतीनं सांगू शकत नाही, ते इथे एकटी राहिलेल्या बाईलाच विचारा.

पण तुम्ही ज्याला घाबरता ते आणि मी ज्याला घाबरतो ते एक नाही. तुम्ही विचारता, रात्री लोक मारतात का. मला विचारावंसं वाटतं, पोराला समुद्र कळतो का. कृष्णेत पोहायला शिकलेली आमची पोरं इथल्या समुद्रात छाती काढून उतरतात. वरून शांत दिसणाऱ्या पाण्यातच आत समुद्राकडे ओढून नेणारा प्रवाह असतो, त्याला इथे रिप म्हणतात. त्याच्याशी झुंजत सरळ किनाऱ्याकडे येऊ पाहणारा दमतो. आडवं, किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडायचं असतं. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच उतरायचं, झेंडे नसतील तर पाय भिजवून परत यायचं. २०२४ च्या जानेवारीत फिलिप आयलंडला आपली चार माणसं एकाच दुपारी गेली, जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर. बारा लाखांच्या लोनच्या कागदांत याबद्दल एक ओळ नसते.

आणि दुसरं, तास. आता पंधरवड्याला अठ्ठेचाळीस तास चालतात, २०२३ च्या जुलैपासून. मालकानं कमी पैसे दिले तर तक्रार करायची सोयही झालीय. तास जास्त झाले असले तरी फेअर वर्क ओम्बड्समन या कामगारांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे मदत मागितली म्हणून सहसा व्हिसा काढून घेत नाहीत, हे २०१७ पासून ठरलंय. मी हे फोनवर घोकून सांगतो. पोरं “हो काका” म्हणतात. ‘सहसा’ हा शब्द त्यांनाही ऐकू येतो.

गेल्या महिन्यात रविवारी मिरजेचा एक मुलगा जेवायला आला होता. डिलिव्हरीचं काम करतो. उजव्या कोपराला पट्टी. फुट्सक्रेला रात्री दोघांनी ढकलून त्याची ई-बाइक नेली, भाड्यानं घेतलेली. ताटात आमटी-भात, समोर बायको, आणि तो हळूच म्हणतो, “काका, पोलिसात देऊ का?”

हे सगळं मी तुम्हाला आत्ता लिहिलंय ना, ते सगळं मला त्या क्षणीही माहीत होतं. मी तोंड उघडलं ते “आत्ताच चल, मी येतो” म्हणायला. बाहेर आलं ते असं:

“या पंधरवड्यात तास किती झालेत तुझे?”

त्यानं हातातला घास ताटात ठेवला आणि डाव्या हाताच्या बोटांवर मोजायला लागला.